‘सहन करा’ हा सल्ला नव्हे

रजोनिवृत्तीनंतरचा योनीमार्गाचा कोरडेपणा ‘वयाचा भाग, आपोआप जाईल’ हे गेल्या अंकातील पत्रलेखिकेचे म्हणणे पटत नाही. अंगातून निघणाऱ्या वाफा बहुतेकींच्या काही वर्षांत ओसरतात. हा त्रास मात्र उपचारांविना सहसा वाढतच जातो. इस्ट्रोजेन घटले की तिथले अस्तर पातळ होते, आम्लता आणि उपयुक्त जिवाणू कमी होतात. म्हणूनच जळजळ, खाज, संबंधावेळी वेदना आणि वारंवार लघवीचा संसर्ग. तेव्हा हा प्रश्न केवळ ‘संसारी’ बायकांचा नाही. विधवा आणि एकट्या स्त्रियांचाही आहे.

साबण आणि सुगंधी वॉश आधी बंद करावेत. आठवड्यातून दोन-तीनदा योनीसाठीचे मॉइश्चरायझर आणि संबंधावेळी वंगण जेल वापरावे. तेलाने लॅटेक्सचा कंडोम फाटू शकतो, हेही ध्यानात असावे.

एवढ्याने भागले नाही, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी मात्रेचे इस्ट्रोजेन क्रीम किंवा योनीत ठेवायची गोळी घेता येते. ‘हार्मोन म्हणजे कॅन्सर’ ही भीती मुख्यतः २००२च्या अमेरिकी अभ्यासातून पसरली. तो पोटात घेण्याच्या गोळ्यांचा होता. क्रीममधले औषध रक्तात फारच थोडे उतरते. स्तनाचा कर्करोग झालेल्यांनी मात्र आपल्या कर्करोगतज्ज्ञांना आधी विचारावे. आणि पाळी थांबल्यावर थेंबभरही रक्त दिसले, तर ते कोरडेपणावर न ढकलता लगेच तपासणी करून घ्यावी.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा