दुसरी चावी

बँकेत हयात घालवलेल्या माणसाला एक खोड लागते. इतिहासातल्या थोर पुरुषाकडेही तो कर्ज मागायला आलेल्या इसमाकडे पाहावं तसं पाहतो. याची पत काय, तारण काय, जामीन कोण? लॉस एंजेलिसला मुलाकडे राहायला गेलो तेव्हा दुपारच्या मोकळ्या वेळात कॅलिफोर्निया घडवणाऱ्या माणसांविषयी मिळेल ते वाचत होतो. तिथेही ही खोड काही सुटली नाही.

कॅलिफोर्निया म्हटलं की आपल्याला १८४८ साली सापडलेलं सोनं आठवतं, मग हॉलिवूड, आणि मुलं-सुना तिकडे गेल्यापासून सिलिकॉन व्हॅली. सोन्याने गर्दी आणली हे खरं. पण गर्दीचा मुलूख व्हायला दोन गोष्टी लागतात, पाणी आणि कर्ज. म्हणून माझ्या मते त्या राज्याचे खरे शिल्पकार म्हणजे रेल्वेवाले कोट्यधीश नव्हेत. ते आहेत एक पाटकरी आणि एक भाजीचा अडत्या.

अडत्या आधी. अमाडेओ जियानिनी हा इटालियन स्थलांतरितांचा मुलगा, १८७० साली सॅन होजेत जन्मला. पोर लहान असतानाच क्षुल्लक पैशांच्या वादातून एका मजुराने त्याच्या बापाचा खून केला. सावत्र बापाच्या अडतीवर तो माणसं ओळखायला शिकला. १९०४ साली सॅन फ्रान्सिस्कोत दारूच्या गुत्त्याची जागा घेऊन त्याने ‘बँक ऑफ इटली’ काढली. गिऱ्हाईक कोण, तर कोळी, भाजीवाले, हमाल. ज्यांना इतर बँका दारात उभं करत नव्हत्या असे लोक. १८ एप्रिल १९०६ च्या पहाटे भूकंप झाला, पाठोपाठ आग लागली. हा सतराएक मैलांवरच्या सॅन मटेओहून, बरीचशी वाट पायी तुडवत, बँकेत पोचला. होती ती रोकड आणि सोनं त्याने भाजीच्या गाड्यात, संत्र्यांच्या खोक्यांखाली दडवून घरी नेलं. इतर बँकांच्या तिजोऱ्या आगीने इतक्या तापल्या होत्या की कित्येक दिवस उघडता येत नव्हत्या. याने धक्क्यावर दोन पिंपांवर फळी टाकली आणि कर्जवाटप सुरू केलं. तारण म्हणून माणसाचा चेहरा आणि हाताचे घट्टे. पुढे गावोगाव शाखा काढण्याची कल्पना त्यानेच त्या राज्यात रुजवली, १९३० साली बँकेचं नाव ‘बँक ऑफ अमेरिका’ झालं, आणि गोल्डन गेट पुलाचे रोखे कोणी घेईना तेव्हा तेही याच बँकेने उचलले. १९४९ साली तो वारला तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्या बँकेच्या या संस्थापकाची स्वतःची मालमत्ता पाच लाख डॉलरही भरली नाही. (मंदीच्या काळात शेतकऱ्यांच्या कितीतरी जमिनी थकबाकीपोटी याच बँकेच्या ताब्यात आल्या, हेही खात्यावर लिहून ठेवायला हवं.)

आता पाटकरी. विल्यम मुलहॉलंड हा बेलफास्टमध्ये जन्मलेला आयरिश. लॉस एंजेलिसला आला आणि शहराला पाणी देणाऱ्या चराची गाळ-गवत काढणारा साधा मजूर म्हणून लागला. कॉलेजचं तोंड न पाहता रात्री पुस्तकं वाचून तो शहराचा मुख्य पाणी-अभियंता झाला. १९०० साली लॉस एंजेलिसची वस्ती लाखभर होती आणि नदी पुरी पडत नव्हती. त्याने २३३ मैलांवरून, सिएरा नेवाडाच्या पूर्वेकडील ओवेन्स खोऱ्यातून, निव्वळ उताराच्या जोरावर पाणी आणलं. वाटेत पंप म्हणून नाही. ५ नोव्हेंबर १९१३ रोजी पाणी कोसळू लागलं तेव्हा त्याचं भाषण दोन वाक्यांचं होतं : हे बघा आलं. घ्या. १९३० साली तीच वस्ती बारा लाखांवर गेली होती.

पण ते पाणी कुणाचं तरी होतं. शहराचा माजी महापौर फ्रेड ईटन १९०५ साली खोऱ्यात जमिनी घेत फिरत होता, तेव्हा तो केंद्र सरकारच्या पाटबंधारे योजनेसाठी आलाय, असा शेतकऱ्यांचा समज झाला. तो समज मोडण्याची तसदी कुणी घेतली नाही. १९२४ पासून चिडलेले शेतकरी त्या कालव्याला सुरुंग लावू लागले. त्यांचा राग मला समजतो. मात्र त्यांच्याही आधी तिथे पाइयूट लोक पाट काढून रान भिजवत होते आणि १८६३ साली लष्कराने त्यांना खोऱ्याबाहेर हाकलत नेलं होतं, याची आठवण त्या शेतकऱ्यांपैकी कितीजणांना असेल?

शेतकऱ्यांचे पुढारी होते विल्फ्रेड आणि मार्क वॉटर्सन हे भाऊ. खोऱ्याची बँक त्यांचीच. शेतकरी शहराला जमीन विकू नये म्हणून ते कर्ज देत, मुदत वाढवत, आपले इतर उद्योग ठेवीदारांच्या पैशांवर तगवत, आणि वह्यांत नसलेली रक्कम असल्याची दाखवत. ऑगस्ट १९२७ मध्ये तपासनीस आले आणि बँकेला टाळं लागलं. खोऱ्याची आयुष्यभराची पुंजी गेली, आणि लढाही त्याच दिवशी संपला. दोघे भाऊ तुरुंगात गेले. बहुतेक शेजारी तरीही त्यांना चोर म्हणायला तयार नव्हते. कादंबरीकार म्हणून मला या भावांविषयी माया वाटते. बँकेचा अधिकारी म्हणून वाटत नाही. दुसऱ्याच्या ठेवीवर केलेला त्याग हा त्याग नसतोच.

सात महिन्यांनी मुलहॉलंडची पाळी आली. साठवणीसाठी त्याला खोऱ्याच्या वरच्या अंगाला लाँग व्हॅलीत मोठं धरण हवं होतं. पण ती जागा ईटनची, तो दहा लाख डॉलर मागत होता, आणि दोघा जुन्या मित्रांचं बिनसलं. मग शहराजवळच्या एका घळीत सेंट फ्रान्सिस धरण बांधलं गेलं. काम चालू असताना भिंतीची उंची दोनदा वाढवली, पाया तेवढाच ठेवला. १२ मार्च १९२८ च्या सकाळी धरणाच्या राखणदाराला गढूळ पाणी झिरपताना दिसलं. मुलहॉलंड स्वतः येऊन पाहून गेला आणि धोका नाही म्हणाला. मध्यरात्रीला दोन-तीन मिनिटं असताना धरण फुटलं. पाणी चोपन्न मैल धावत समुद्राला मिळालं. किमान ४३१ माणसं गेली, त्यांत तो राखणदारही होता.

चौकशीत मुलहॉलंडने कुणावर ढकललं नाही. चूक माणसाची असेल तर तो माणूस मीच, असं त्याने सांगितलं. भिंतीच्या एका बाजूचा डोंगर म्हणजे जुनी घसरलेली दरड होती, हे पुढच्या पिढीतल्या भूशास्त्रज्ञांनी दाखवलं. त्या काळी ते त्याला कळणं कठीण होतं. पंचांनी त्याला फौजदारी गुन्ह्यातून मोकळं केलं. मात्र असं बांधकाम कितीही थोर असला तरी एकाच माणसाच्या निर्णयावर सोडू नये, असं बजावलं.

ते वाचलं आणि मला नगर जिल्ह्यातली माझी जुनी शाखा आठवली. आमच्या तिजोरीला दोन चाव्या. एक माझ्याकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नसे. पोळ्याच्या आदल्या दिवशी कॅशियरच्या घरी मयत झाली आणि तो चावीसकट गावी गेला. बाहेर ओट्यावर शेतकरी बसलेले, कुणाला बैलाची झूल घ्यायचीय, कुणाला किराणा. “साहेब, पैसा आमचाच ना?” एका म्हाताऱ्याने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुपारी चारला चावी आली तोवर बाजार उठत आला होता. त्या दिवशी मी त्या नियमाला मनातल्या मनात शिव्या दिल्या. जियानिनी असता तर फळी टाकून मोकळा झाला असता, असं आज वाटतं. पण एक विसरतो आपण. जियानिनीने धक्क्यावर जे पणाला लावलं ते समोरच्याच लोकांच्या देखत. मुलहॉलंडला बाजूला उभं राहून ‘साहेब, थांबा’ म्हणणारं कुणी नव्हतं, आणि वॉटर्सन भावांच्या तिजोरीच्या दोन्ही चाव्या एकाच घरात होत्या.

मुलाने परतायच्या आधी गाडीने ओवेन्स खोऱ्यात नेलं. ओवेन्स तलाव १९२० च्या दशकातच आटला. कोरड्या तळातली खारट धूळ उडू नये म्हणून शहराला आता त्याच तळावर जागोजाग पाणी सोडून ठेवावं लागतं, अब्जावधी डॉलर खर्चून. आणखी उत्तरेला गेल्यावर लाँग व्हॅली लागते. वॉटर्सनांची बँक बुडाली तेव्हा ईटनची गहाण टाकलेली जमीनही हातची गेली आणि अखेर शहराकडे आली. मुलहॉलंडला हवं होतं ते धरण तिथे १९४१ साली पुरं झालं. त्या जलाशयाला नाव ना त्याचं दिलं, ना ईटनचं. खोऱ्यातल्या पिचलेल्या लोकांसाठी खपलेल्या फादर क्राउली नावाच्या एका पाद्र्याचं दिलं. एप्रिलच्या अखेरीस ट्राउट मासे धरायला तिथे लॉस एंजेलिसहून हौशी लोकांची रीघ लागते, असं मुलगा सांगत होता.