बाथरूमला नवी खिडकी हवी? आधी भिंत ओळखा!

डोंबिवली, कल्याण आणि ठाण्याच्या जुन्या सोसायट्यांत अनेक बाथरूमना हवेसाठी एखादा हातभर झरोका असतो. पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते, दार उघडताच कुबट वास येतो. मग कंत्राटदार म्हणतो, ‘रविवारी दोन तासांत खिडकी काढून देतो.’ खिडकीची गरज खरी आहे, पण ते दोन तास धोक्याचे आहेत.

खिडकी खरेच लागते का?

लागते. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार बाथरूमची किमान एक बाजू बाहेरच्या हवेला खुली हवी आणि ते उघडे क्षेत्र किमान ०.३ चौरस मीटर, म्हणजे साधारण सव्वातीन चौरस फूट हवे. गॅस गीझर असेल तर प्रश्न जिवाचा होतो. बंद जागेत तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. त्यामुळे गीझर बाथरूमच्या बाहेरच हवा. नवी खिडकी हा त्याला पर्याय नाही.

भिंत फोडण्याआधी एक पाहा. जुना झरोका एक्झॉस्ट फॅन, प्लायवूड किंवा सामानाने बुजवलेला तर नाही ना? तो मोकळा करून लूव्हर्स बसवल्याने काम भागत असेल, तर छिन्नी-हातोड्याची गरजच नाही.

कुठली भिंत फोडता येते?

सगळ्या भिंती सारख्या नसतात. आरसीसी सांगाड्यातील विटांची भिंत बहुधा भार पेलत नाही. जुन्या बैठ्या चाळीत किंवा भारवाहक बांधकामात मात्र तीच भिंत वरचा मजला किंवा छप्पर धरून ठेवते. घोडबंदर रोड आणि कल्याण-शीळ रस्त्यावरच्या अनेक नव्या टॉवरांत ‘मायवान’ पद्धतीने भिंतीही सळया घातलेल्या काँक्रीटच्या असतात. तिथे भोक पाडणे म्हणजे इमारतीचा सांगाडाच कापणे. हा फरक टाइल्सवरून दिसत नाही. तो स्ट्रक्चरल इंजिनीअरनेच पाहायचा.

२० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेत सप्तशृंगी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर फरशीचे काम सुरू असताना स्लॅब कोसळून सहा जणांचा जीव गेला. ते काम खिडकीचे नव्हते. पण ‘आतलेच तर काम आहे’ हा समज किती महाग पडतो, हे त्यातून दिसले.

काम कसे व्हावे?

विटांच्या भिंतीत आधी टेकू द्यावा, मग वर लिंटेल बसवावे आणि त्यानंतरच खालची वीट काढावी. लिंटेल दोन्ही बाजूंना किमान सहा इंच भिंतीवर टेकलेले हवे. घण वा ब्रेकरऐवजी कटर वापरावा, म्हणजे शेजाऱ्याच्या भिंतीला तडे जात नाहीत. आधी भिंतीतली पाण्याची आणि विजेची लाइन शोधावी. चौकट ग्रॅनाइटची किंवा अ‍ॅल्युमिनियमची घ्यावी, कारण लाकूड ओलाव्यात फुगते. खालच्या पट्टीचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवावा. नाहीतर पहिल्याच पावसात पाणी आत येते आणि खालच्या घराच्या छताला ओल धरते. बाहेर राडारोडा पडू नये म्हणून जाळी बांधावी.

परवानगी कोणाची?

सोसायटीची लेखी परवानगी हवीच. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ मधली सूट इमारतीच्या बाह्य स्वरूपात मोठा बदल न करणाऱ्या कामांना आहे. दर्शनी भिंतीत नवी खिडकी काढताना त्या सुटीवर विसंबू नये. आर्किटेक्टमार्फत महापालिकेच्या नगररचना विभागात आधी विचारावे.

नकार हा उपाय नव्हे

इथे सोसायट्यांनीही बदलायला हवे. अर्ज आला की ‘नाही’ म्हणून मोकळे होणे सोपे असते. पण त्या नकारानंतर काम थांबत नाही, ते चोरून होते, इंजिनीअरशिवाय होते. त्यापेक्षा स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्या इंजिनीअरकडूनच एकदा सगळ्या इमारतीसाठी ठरवून घ्यावे: कोणत्या भिंतीत, किती मापाची, कशा चौकटीची खिडकी चालेल. तो आराखडा सूचना फलकावर लावावा. इंजिनीअरची फी सगळ्यांत वाटली गेली की प्रत्येक घराला हलकी होते. मग मोकळ्या हवेसाठी कोणाला रविवारी दार लावून भिंत फोडावी लागणार नाही.