डॉक्टरमावशीचं पत्र : पापणी का सुजली?



या आठवड्यात सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, "मावशी, परवा सकाळी उठले तर उजवा डोळा उघडेचना! पापणी सुजून टम्म. कडेला तांदळाच्या दाण्याएवढा फोड आलाय आणि हात लावला की दुखतो. आजी म्हणते लसूण चोळ. आई म्हणते झोप कमी झाली. दादा म्हणतो डास चावला. वर्गातल्या मुली म्हणतात, आमच्याकडे बघू नकोस, आम्हालाही होईल. खरं कुणाचं?"

सांगते. पण आधी पापणीची ओळख करून घेऊ. आपल्या अंगावरची सर्वांत पातळ कातडी पापणीची. जाडी एक मिलिमीटरहूनही कमी! शिवाय ती सैल असते, आणि तिच्याखाली चरबी जवळजवळ नसतेच. त्यामुळे जरा पाणी साठलं की ते इथे लगेच दिसतं. दंडावर डास चावला तर छोटीशी गांधी उठते, पण पापणीवर चावला तर अख्खा डोळा मिटतो.

आणि सूज सकाळीच का दिसते? रात्रभर आपण आडवे असतो, म्हणून पाणी खाली न उतरता चेहऱ्यावर पसरतं. उठून हिंडू-फिरू लागलो, डोळ्यांची उघडझाप सुरू झाली, की त्याचा निचरा होतो. रात्री वेफर्स, पापड, लोणचं जास्त झालं असेल, जागरण झालं असेल किंवा रुसून रडत झोपला असाल, तर सकाळी डोळे थोडे सुजणारच. गार पाण्याचे चार हबके मारा, पुरेशी झोप घ्या. झालं!

आता आपण गुप्तहेर होऊ. सुजलेल्या पापणीला तीन प्रश्न विचारायचे. एक डोळा की दोन्ही? दुखतं की खाजतं? आणि किती दिवस झाले?

एकच डोळा आणि दुखतंय? मग बहुतेक रांजणवाडी. पापण्यांच्या कडेला तेल तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. त्यांचं सविस्तर वर्णन हाइनरिश माइबोम या जर्मन डॉक्टरांनी १६६६ साली केलं. हे तेल अश्रूंवर तरंगतं आणि डोळा कोरडा पडू देत नाही. अशी एखादी ग्रंथी किंवा पापणीच्या केसाचं मूळ तुंबलं आणि तिथे जंतू वाढले, की रांजणवाडी होते. उपाय अगदी सोपा आहे, शेक. स्वच्छ रुमाल कोमट पाण्यात बुडवून पिळा. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, तिथे सोसला तरच मिटलेल्या डोळ्यावर ठेवा. दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. उबेने घट्ट झालेलं तेल सुटतं आणि फोड आपोआप फुटतो किंवा जिरतो. बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत काम होतं. नखाने फोडायचा मात्र नाही हं! त्याने जंतू पसरतात.

खाज सुटलीय? मग डास, धूळ, फुलांचे परागकण किंवा एखादं नवं क्रीम, साबण हे संशयित! इथे शेक उलटा, म्हणजे गार पाण्याच्या घडीचा. काकडीची चकतीही चालते, पण तिच्यात जादू नाही, गुण गारव्याचा. बर्फ थेट लावू नका. आणि चोळू तर अजिबात नका. चोळलं की सूज दुपटीने वाढते.

आता तिसरा प्रकार नीट वाचा, आणि आई-बाबांनाही वाचून दाखवा. माझ्याकडे एक पाच वर्षांचा मुलगा आला होता. रोज सकाळी दोन्ही डोळे सुजायचे. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं. दुपारपर्यंत उतरायचंही. घरच्यांनी आधी टीव्हीला दोष दिला, मग धुळीला. दोन आठवडे काकडी आणि गुलाबपाणी चाललं. मग आजीच्या लक्षात आलं की संध्याकाळी त्याच्या पायावर मोज्यांचे वळ खोल उमटतात आणि लघवीला फेस येतो. लघवीची साधी तपासणी केली, तर त्यातून भरपूर प्रथिनं जात होती. दुखणं डोळ्यांचं नव्हतंच, मूत्रपिंडांचं होतं! औषधं सुरू झाली, सूज उतरली, आज तो मजेत शाळेत जातो. अशी बहुतेक मुलं औषधाने बरी होतात, पण आधी ते ओळखायला हवं. म्हणून दोन्ही डोळे दोन-तीन दिवस रोज सुजत असतील, तर काकडी बाजूला ठेवा आणि लघवी तपासून घ्या.

आणखी एक. पापणी लालबुंद झाली, ताप आला, डोळा हलवताना दुखतंय, बुबुळ पुढे आल्यासारखं वाटतंय किंवा एकाचे दोन दिसतात, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. काही खाल्ल्यावर किंवा मधमाशी चावल्यावर डोळ्यांबरोबर ओठ सुजले, श्वास लागला, तर क्षणाचाही उशीर नको.

तर सातवीतल्या मैत्रिणी, तुझी आहे रांजणवाडी. आजीला माझा नमस्कार सांग, पण लसूण फोडणीतच राहू दे. पापणीवर ती भाजते, डोळ्यात गेली तर फार वाईट. मध, लिंबू, काजळ, सुरमाही नको. काही काजळ-सुरम्यांत शिसं सापडलेलं आहे. शेक घे. दोन आठवड्यांत गाठ गेली नाही किंवा रांजणवाडी पुन्हा पुन्हा येऊ लागली, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखव.

आणि वर्गातल्या मुलींना सांग, नुसतं बघून कुणाला काही होत नाही. डोळ्यांची साथ पसरते तीसुद्धा हात, रुमाल आणि टॉवेल यांच्यामुळे. म्हणून हात धुवायचे, रुमाल आपापला, आणि मैत्रिणीकडे खुशाल बघायचं!

तुमची,
डॉक्टरमावशी