विसाव्याचें वेळापत्रक

विश्रांतीसाठीं म्हणून घराबाहेर पडावें आणि दमून-भागून परत यावें, हा आमच्या सुशिक्षित वर्गाचा एक नवा कुळाचारच होऊन बसला आहे. शुक्रवारीं रात्रीं पुण्यामुंबईहून निघावयाचें, शनिवार-रविवार कोल्हापुरांत काढावयाचे आणि सोमवारीं सकाळीं जांभया देत कचेरींत हजर व्हावयाचें, अशी ही रीत आहे. चार मित्र जमले कीं सहलीची योजना आंखली जाते. आणि ती आंखण्याचें काम बहुधा अशा गृहस्थाकडे येतें कीं, ज्याला स्वस्थ बसण्याची कला परमेश्वरानें दिलेलीच नसते. असा एक कार्यक्रम या क्षणीं माझ्यासमोर आहे. पहांटे अंबाबाईचें दर्शन, मग मिसळ, नऊ वाजतां नवा राजवाडा, अकराला टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालय, दुपारीं तांबडा-पांढरा रस्सा, तीनला पन्हाळा, परततांना जोतिबा, दिवेलागणीला रंकाळा, आणि रात्रीं दुकानें बंद होण्यापूर्वीं चपलांची खरेदी. हा झाला केवळ शनिवार! आणि या सर्वांच्या माथ्यावर ठळक अक्षरांत शब्द लिहिले आहेत, ‘दोन निवांत दिवस’. आगगाडीच्या वेळापत्रकांतहि एखादें जंक्शन असतें, जेथें गाडी वीस मिनिटें उभी राहते. या वेळापत्रकांत तेवढीहि सोय नाहीं.

वाचकांना हें सांगावयास मला संकोच वाटतो, पण हा कार्यक्रम मींच तयार केलेला आहे. गेल्या हिवाळ्यांत माझे तीन महाविद्यालयीन मित्र तीस वर्षांनंतर एकत्र येथें आले. यजमान मी, तेव्हां आपलें गांव त्यांना एकहि कोपरा न वगळतां दाखविण्याचा मीं चंग बांधला. दोन दिवसांत आम्ही नऊ स्थळें पाहिलीं आणि प्रत्येक ठिकाणीं मोबाईलवर छायाचित्रें काढलीं. रविवारीं रात्रीं मुंबईच्या गाडीला दहा मिनिटें अवकाश असतांना त्यांतला एक मित्र फलाटावर मला म्हणाला, “अरे, गांवाकडचें घर विकलें मीं. मुलाकडे कॅनडाला जातों आहें, कायमचा. दोन दिवस सांगेन म्हणत होतों; पण तुझी गाडी कोठें थांबेचना.” मी कांहीं बोलण्यापूर्वींच डब्यांत चढण्याची घाई सुरू झाली. ज्या घराच्या ओटीवर आम्ही चौघांनीं एका उन्हाळ्याच्या सुट्टींत परीक्षेचा अभ्यास केला, तें घर गेलें, आणि ही गोष्ट ऐकण्यास मला दहा मिनिटें मिळालीं. वस्तुसंग्रहालयाला मीं दीड तास दिला होता.

म्हणून या प्रकाराची नुसती थट्टा करून मला थांबवत नाहीं. आठवड्याची सुट्टी ही आपल्याकडे आकाशांतून पडलेली वस्तु नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या माणसाला सातांतला एक दिवस तरी स्वतःचा मिळावा, म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून सभा भरविल्या, अर्ज केले, आणि १८९० मध्यें गिरणीमालकांकडून रविवारची सुट्टी मान्य करून घेतली. रविवार हा खंडोबाचा वार आहे, हेंहि एक कारण त्यांनीं पुढें केलें होतें. म्हणजे मालकाच्या भोंग्याच्या हुकमतींतून सुटलेला वेळ देवासाठीं, घरासाठीं आणि चार माणसांसाठीं हवा होता. ती सुट्टी आज आपणच आपल्या हातांनीं पुन्हा भोंग्याच्या स्वाधीन करीत आहों; फरक एवढाच कीं, आतांचा भोंगा आपल्याच खिशांत वाजतो.

“पण एवढ्या लांबून येऊन सर्व पाहूं नये काय?” असा पहिला आक्षेप येईल. माझें उत्तर असें कीं, सर्व पाहतां येत नाहींच. सर्व ठिकाणीं जाऊन येतां येतें, आणि या दोन गोष्टी एक नव्हेत. ज्या पन्हाळ्यावर १६६० सालीं सिद्दी जौहराच्या वेढ्यांत शिवाजी महाराज सुमारें चार महिने अडकून पडले होते, तो गड आमचे पाहुणे पाऊण तासांत ‘उरकतात’. अंबाबाईच्या देवळांतील किरणोत्सवाचें उदाहरण घ्या. नोव्हेंबरांत, आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीस व फेब्रुवारीच्या आरंभीं, मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारांतून थेट गाभाऱ्यापर्यंत पोहोंचतात. परंपरा अशी आहे कीं, पहिल्या दिवशीं ते देवीच्या चरणांना स्पर्श करतात, दुसऱ्या दिवशीं मूर्तीच्या मध्यभागाला आणि तिसऱ्या दिवशीं मुखाला. प्रत्यक्ष सूर्यनारायण जें दर्शन तीन दिवसांनीं पुरें करतो, तें आम्हांला रांग चुकवून पांच मिनिटांत हवें असतें.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वस्तु कोणासाठीं थांबत नाहींत. तेव्हां त्या आहेत तोंवर पाहून घ्याव्या, असें कोणी म्हणेल. शाहू महाराजांनीं बांधविलेलें आणि १९१५ मध्यें उघडलेलें पॅलेस थिएटर, म्हणजेच पुढचें केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशीं, आगींत भस्मसात् झालें. हें दुःख आम्हां कोल्हापूरकरांचें अजून ओलें आहे. परंतु त्या रात्रीं रस्त्यावर उभें राहून डोळे पुसणारे लोक कोण होते? ज्यांनीं तेथें रात्र-रात्र बसून नाटकें पाहिलीं, ज्यांना आपल्या खुर्चीवरून रंगमंच कसा दिसतो हें ठाऊक होतें, तेच ते. ज्यांनीं बाहेरूनच छायाचित्र काढून यादींतील त्या नांवावर खूण केली होती, त्यांचें त्या आगींत कांहींहि जळालें नाहीं. छायाचित्र त्यांच्यापाशीं सुरक्षितच आहे. वस्तु नाशवंत आहेत म्हणून त्यांच्यापाशीं अधिक वेळ बसावें, असाच निष्कर्ष यांतून निघतो. अधिक वेगानें पळावें, असा निघत नाहीं.

इंग्रज निबंधकार हॅझ्लिट यानें दोनशे वर्षांपूर्वीं प्रवासावर लिहितांना असें मत मांडलें होतें कीं, रानावनांत एकट्यानेंच हिंडावें. मात्र जुन्या वास्तु किंवा चित्रें पाहावयास जावयाचें असेल, तर सोबतीला हरकत नाहीं. त्या मताला मी एक पुस्ती जोडतों. मित्रांसह निवांत राहण्यास शहर हेंच उत्तम स्थान आहे. डोंगरावर गेलें कीं चढावें लागतें, समुद्रावर गेलें कीं भिजावें लागतें. शहरांत कांहींच करावें लागत नाहीं. कोल्हापूर तर या बाबतींत विशेष उदार आहे. गंगावेशींतल्या दूध-कट्ट्यावर म्हशीची धार आपल्यासमोर काढली जाते. पेला हातांत घेऊन उभ्या-उभ्या जी गप्प रंगते, तिला कसलेंहि तिकीट पडत नाहीं. रंकाळ्याच्या कांठावर बसलें असतां सूर्य शालिनी पॅलेसच्या बाजूला कलतो, पाण्यावर वारा सुटतो, आणि तीस वर्षांत न निघालेला विषय आपोआप निघतो. खासबागेच्या मैदानांत, कुस्ती नसतांनाहि, पायऱ्यांवर बसून त्या तांबड्या मातीकडे पाहत अर्धा तास घालवितां येतो.

मग योजना मुळींच करूं नये काय? अवश्य करावी; किंबहुना मी तिचा कैवारीच आहें. परंतु निवांतपणाची योजना म्हणजे काय वगळावयाचें याची योजना. उतरण्याची जागा आधीं ठरवावी, आणि ती पायीं हिंडतां येईल अशी गांवांत असावी. परतीचीं तिकिटें आधीं काढावीं. नवरात्र टाळावें, मंगळवार-शुक्रवारीं देवळांत गर्दी असते, हें ध्यानांत ठेवावें. पैशांचा हिशेब एकानेंच ठेवावा, म्हणजे प्रत्येक चहाच्या वेळीं औदार्याची कुस्ती होत नाहीं. मंडळींत कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला तिखट सोसत नाहीं, याची चौकशी करावी. आणि दिवसाला एक स्थळ ठरवावें, फक्त एक. पन्हाळा पाहावयाचा असेल, तर तो सबंध दिवस पन्हाळ्याचा. उरलेला वेळ कोणाच्याहि नांवावर लिहूं नये.

शेवटीं एक शब्द आम्हां कोल्हापूरकरांविषयीं. कारण सर्व दोष पाहुण्यांच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. आमचें आतिथ्य हाहि एक जुलूमच आहे. “एवढ्यांतच निघालांत? अजून अमुक तर पाहिलेंच नाहीं!” हें वाक्य आम्ही प्रत्येक पाहुण्याला ऐकवितों. पांढऱ्या रश्श्याची वाटी रिकामी झाली कीं न विचारतां भरतों. त्यांत प्रेम असतें, पण आपल्या गांवाच्या मोठेपणाची पावती घेण्याची हांवहि असते. पाहुण्याला गांव दाखविण्याच्या भरांत पाहुण्याकडे पाहावयाचेंच राहून जातें. हा अपराध मीं स्वतः केला आहे, म्हणून इतक्या स्पष्टपणें लिहूं शकतों.

उरलेले दोघे मित्र यंदाच्या हिवाळ्यांत पुन्हा येणार आहेत, आणि त्यांनीं पत्रानें कार्यक्रम विचारला आहे. शनिवारीं सकाळीं गाडी येते आणि रविवारीं रात्रीं जाते, एवढेंच मीं त्यांना कळविलें आहे. तिसरा येणार नाहीं. त्याच्याशीं जें बोलावयाचें राहिलें, त्यासाठीं आतां दोन खंडांमधल्या रात्री-दिवसांचा मेळ घालावा लागतो. वाचकांपैकीं ज्यांचे मित्र अजून एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर असतील, त्यांनीं यादी करावयास बसण्यापूर्वीं याचा विचार करावा, एवढीच विनंति आहे.