कुत्रा चावला, भरपाई कोणी द्यायची?

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये भटक्या कुत्र्यांचा विषय स्वतःहून हाती घेतला आणि वाहिन्यांना महिनाभराचे खाद्य मिळाले. ११ ऑगस्टला आदेश झाला की दिल्ली परिसरातील सर्व कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो बदलला. नसबंदी व लसीकरण करून कुत्री जिथून उचलली तिथेच सोडा, रेबीज झालेली व आक्रमक तेवढी सोडू नका, असे ठरले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री हटवण्याचा आदेश आला. प्रत्येक वेळी श्वानप्रेमी विरुद्ध श्वानविरोधी असा सामना रंगला. ज्याच्या पोटरीचा लचका गेला तो माणूस मात्र या चर्चेत कुठेच नव्हता. त्याला कुत्र्यावर प्रेम करायचे नाही आणि त्याचा द्वेषही करायचा नाही. त्याची दहा दिवसांची मजुरी बुडाली, ती कोण देणार एवढेच तो विचारतो.

कुत्रा चावतो कोणाला, हेही एकदा पाहिले पाहिजे. बंद मोटारीतून फाटकाबाहेर पडणाऱ्याला सहसा चावत नाही. पहाटे झाडू घेऊन निघालेली सफाई कामगार, कचरा वेचणारी बाई, रात्रपाळी संपवून पायी घरी येणारा कामगार, घरात शौचालय नाही म्हणून अंधारात बाहेर जावे लागणारी मुलगी, ही त्याच्या वाटेतली माणसे. कचराकुंडी कुठे ठेवायची हे पालिका ठरवते, आणि ती वस्तीच्या तोंडाशीच का येते हे या वाचकांना सांगायला नको. कचरा साचतो तिथे कुत्री जमतात.

भटक्या कुत्र्याला मालक नाही, मग जबाबदार कोण, असा साळसूद प्रश्न अधिकारी विचारतात. उत्तर कायद्यातच आहे. कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करून घेण्याची जबाबदारी २००१ च्या नियमांनी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली होती. त्या नियमांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या नियमांनीही ती त्यांच्यावरच ठेवली. काम त्यांचे, तर काम न केल्याचा परिणामही त्यांचाच. राज्याच्या चुकीने जीविताच्या हक्कावर घाला आला तर घटनात्मक न्यायालय थेट भरपाई देऊ शकते, हे रुदुल शाह (१९८३) आणि नीलाबती बेहेरा (१९९३) या कोठडीच्या प्रकरणांत पक्के झाले आहे. भरपाई ही मेहेरबानी नाही, हे या दोन निकालांनी शिकवले.

कुत्र्यांच्या बाबतीतही काही न्यायालये पुढे गेली आहेत. केरळातील दावे तपासून भरपाई ठरवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये न्यायमूर्ती सिरी जगन यांची समिती नेमली. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये तर दरच ठरवून दिला. दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १० हजार रुपये, आणि मांस निघाले असेल तर जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरमागे किमान २० हजार. पैसे आधी सरकारने द्यायचे, मग दोषी यंत्रणेकडून किंवा कुत्र्याच्या मालकाकडून वसूल करायचे. दाते मोजण्याची ही रीत कोणाला हास्यास्पद वाटेल. पण दर ठरला की साहेबाच्या मर्जीला जागा उरत नाही, आणि गरिबाला तेच हवे असते.

हा निकाल महाराष्ट्राच्या यंत्रणेवर बंधनकारक नाही, मुंबई उच्च न्यायालयात तो आधार म्हणून मांडता येतो. आपल्याकडे वन्यप्राण्यांच्या हल्ल्याची भरपाई मात्र ठरलेली आहे. वाघ-बिबट्याने माणूस मारला तर वारसांना २५ लाख रुपये मिळतात. त्या यादीत लांडगा आहे, कोल्हा आहे, जंगलातले रानकुत्रेही आहे. गल्लीतल्या कुत्र्याला त्यात जागा नाही. जंगलात वन विभाग उत्तरदायी आणि वस्तीत कोणीच नाही, हा कोणता न्याय?

आकडे लहान आहेत म्हणावे तर तसेही नाही. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये देशात ३७ लाखांहून अधिक श्वानदंश नोंदले गेले. त्यातले ४ लाख ८५ हजारांवर एकट्या महाराष्ट्रातले. त्याच वर्षी रेबीजचे संशयित मृत्यू मात्र ५४. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचा अंदाज वर्षाला सुमारे ५,७०० मृत्यूंचा आहे. मधली हजारो माणसे गेली कुठे? रेबीजवर उपचार नाही म्हणून रुग्णाला घरी पाठवले जाते, तो घरीच मरतो, आणि कागदावर रेबीज येत नाही. कागद नाही तर मृत्यू नाही, मृत्यू नाही तर दावा नाही.

म्हणून कागदाकडे पहिल्या दिवसापासून लक्ष हवे. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा. रक्त निघाले असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावे लागते, ते मागून घ्या. ते उपलब्ध नसेल तर तसे केसपेपरवर लिहून मागा. केसपेपरवर नुसते ‘कुत्रा चावला’ असे लिहून चालत नाही. ठिकाण, वेळ, दातांच्या खुणा किती, जखमेची लांबी किती, हे डॉक्टरांना लिहायला सांगा. जखमेचे फोटो ठेवा. पालिका आयुक्त किंवा मुख्याधिकारी, गावात ग्रामपंचायत, यांच्याकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. त्याच ठिकाणच्या कुत्र्यांबद्दल आधी तक्रार झालेली असेल तर तिची प्रत जोडा. यंत्रणेला धोका ठाऊक होता हे त्यातून सिद्ध होते.

कुत्रा पाळलेला असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ लागते. मालकाच्या निष्काळजीपणाला सहा महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, तेव्हा ‘एनसी घ्या आणि जा’ हे उत्तर ऐकून परत येऊ नका. शिक्षा झाली म्हणून भरपाई आपोआप मिळत नाही, ती न्यायालयाकडे वेगळी मागावी लागते.

ड्युटीवर चावा बसलेल्या सफाई कामगाराचा हक्क आणखी पक्का आहे. कामाच्या ओघात झालेली इजा ही मालकाची जबाबदारी, हे तत्त्व १९२३ च्या कायद्यात होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. अपंगत्व तीन दिवसांहून अधिक राहिले तर दावा होतो. कंत्राटदाराने हात वर केले तरी मूळ मालक म्हणून पालिकेला धरता येते. ईएसआय लागू असेल तर लाभ तिकडून घ्यायचा.

वकील परवडत नाही म्हणून थांबू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, स्त्रिया, मुले आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्याचे कार्यालय असते. जातीचा दाखला आणि तो केसपेपर घेऊन जा.