टर्नटेबलची लाकडी बैठक

टर्नटेबलखाली जाड लाकडी फळी ठेवली असता आवाज सुधारतो, या श्रोत्यांमध्ये रूढ झालेल्या समजुतीत तथ्य आहे. परंतु त्या सुधारणेचे श्रेय लाकडाच्या पदरी किती आणि लाकडाखालील व्यवस्थेच्या पदरी किती, याचा निवाडा केल्यावाचून सुताराला काम सांगणे इष्ट नव्हे.

सुई हे मूलतः कंपने टिपणारे यंत्र होय. लाँगप्ले तबकडीची खाच मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाइतकी रुंद, आणि गायकाच्या नाजूक हरकती तर मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाहूनही सूक्ष्म वळणांत कोरलेल्या. अशा स्थितीत खाच हलली काय किंवा तबकडीचे आसन हलले काय, सुई दोहोंचीही विजेत सारखीच नोंद करते. त्यातच मुद्रणसमयी दाबलेला खर्ज वाजवतेवेळी पुन्हा उचलावा लागतो, आणि तो वीस हर्ट्‌झपाशी सुमारे दहापट उचलला जात असल्यामुळे पावलांची धमक व स्पीकरमधून टेबलावाटे परतणारी डग्ग्याची घुमारीही त्याबरोबर वाढते. याचा दाखला घरीच मिळतो: मोटार बंद ठेवून सुई स्थिर तबकडीवर टेकवावी, आवाज बेताचा ठेवावा आणि टेबलाच्या कडेवर बोटाच्या पेराने हळूच ठोकावे, स्पीकरमधून उमटणारी धप्प ही त्या बैठकीची खरी परीक्षा.

आता लाकडाकडे वळू. सागवान, शिसव किंवा परदेशी मेपल यांची दोन-तीन इंची फळी ताठ असते, वजनदार असते, आणि काचेप्रमाणे वा पत्र्याप्रमाणे स्वतः झणझणत नाही. हे तिचे गुण निःसंशय मोलाचे. मात्र तीच फळी थेट कपाटावर ठेवली, तर कपाटाचे मंद हेलकावे ती जशीच्या तशी वर पोचवते, कारण कंपने अडवण्याचे काम खालच्या लवचीक आधाराचे असते. ज्या आधाराचे स्वतःचे आंदोलन सेकंदाला चार, तो साधारणतः सहाच्या वरची कंपने अडवतो आणि चारच्या आसपासची उलट वाढवतो. टोनआर्म व कार्ट्रिज यांच्या जोडीचे नैसर्गिक आंदोलन बहुधा आठ ते बारा असते. म्हणून त्या पट्ट्याचा बंदोबस्त करावयाचा, तर स्प्रिंगा वरच्या भाराने सुमारे दीड सेंटीमीटर दबल्या पाहिजेत, तेव्हाच त्यांचे आंदोलन चारच्या घरात उतरते. जेमतेम एक मिलिमीटर दबणारे रबरी गुटके, ज्यांचे आंदोलन सोळाच्या घरात जाते, ते तेथील धक्क्यांना अटकाव करण्याऐवजी हातभारच लावतात.

या नियमाला दोन अपवाद ध्यानात ठेवावेत. १९६१ साली एआर (अकूस्टिक रिसर्च) कंपनीचे सहसंस्थापक एडगर विल्चर यांनी तिच्या टर्नटेबलमध्ये तबकडी आणि टोनआर्म एकत्रच आतील स्प्रिंगांवर तोलले. त्या घडणीच्या यंत्राखाली आणखी स्प्रिंगा न घालता हलका, ताठ आधार द्यावा. तसेच जुन्या वाड्यातील माडीची तक्तपोशी पावलागणिक दबते. तेथे कोणत्याही फळीपेक्षा भक्कम भिंतीत ठोकलेले ब्रॅकेट श्रेष्ठ.

सबब माझी शिफारस अशी: प्रथम टर्नटेबल आणि स्पीकर यांचे टेबल वेगळे करावे, पाणसळ लावून बैठक समतल करावी, मग भार तोलून स्प्रिंगा निवडाव्यात आणि त्यांवर सागवानी फळी ठेवावी. गायिका केसरबाई केरकरांसारख्यांच्या तबकड्या आपण ज्या आदराने जपतो, त्या आदराला शोभेल अशी ही तजवीज एखाद्या कुशल सुताराकडून माफक खर्चात होते. केवळ लाकडाच्या जातीपायी भरमसाट किंमत मोजण्याचे कारण नाही.