सोळा रस्ते, दोनच वाटा

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. निजामाच्या काळातले नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेला हा चौक. पण आमच्या पिढीतल्या दहावी पास पोराला तिथं उभं केलं, की दोनच रस्ते दिसायचे. एक डॉक्टरकीचा, दुसरा इंजिनिअरिंगचा. बाकीचे चौदा वाया गेलेल्यांसाठी.

मी नांदेडच्या इतवाऱ्यातला. १९९६ला दहावीत बरे टक्के पडले आणि तिथंच घोळ झाला. अब्बा शिवणकाम करायचे. त्यांनी गिऱ्हाइकांपासून मशिदीबाहेरच्या अत्तरवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं, "पोट्टा लातूर जारा, डॉक्टर बनके आता." मला कुणी विचारलं नाही. तेव्हा तशी पद्धतच नव्हती.

राजर्षी शाहू, दयानंद या कॉलेजांमुळे 'लातूर पॅटर्न' तेव्हा राज्यभर गाजत होता. सुट्टीतही तास, चाचण्यांवर चाचण्या, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून बोटं सुजायची. मेडिकलला सीईटी अजून आली नव्हती, सगळा खेळ बारावीच्या गुणांवर. माझी पहिली परीक्षा मात्र खोली शोधताना झाली, तीही तोंडी. घरमालक आधी टक्के विचारायचे, खूश व्हायचे. मग नाव विचारायचे आणि त्यांना एकदम आठवायचं की गावाकडून पुतण्या येणार आहे. एका आठवड्यात तीन पुतणे! शहराचा निकाल एवढा चांगला का लागतो, ते मला तेव्हा कळलं.

बायॉलॉजीपेक्षा मला डब्याला गुंडाळून आलेल्या पेपरची पुरवणी जास्त आवडायची. मेडिकलची यादी माझ्या बरीच वर थांबली. अहमदपूरमार्गे एसटीनं घरी परत. अब्बांनी गिऱ्हाइकांना सांगितलं, "लातूरकी हवा नई जमी उसकू."

मग बी.एस्सी. आणि दोन वर्षं औषधाच्या दुकानात. "शेवटी मेडिकलला लागलास," मित्र म्हणायचे. त्यानंतर एका मराठी दैनिकात मुद्रितशोधक, पुढं उपसंपादक. आजही लोक कौतुकानं म्हणतात, "तुमचं मराठी छान आहे हो!" घरात दखनी, शाळेत आणि गल्लीत मराठी, असं वाढलेल्या माणसानं मराठी काय दुबईहून मागवायची? मी "थँक्यू" म्हणतो आणि त्यांच्याच लेखातले ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करतो.

पॅटर्नशी माझं भांडण नाही. त्यानं शेतकऱ्यांची, कारागिरांची पोरं डॉक्टर केली. अब्बांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यातल्याच एकानं केलं. भांडण आहे ते हिशेबाशी. २०२४ला नीटला देशभरात २३ लाखांवर मुलं बसली, एमबीबीएसच्या जागा लाखभरच्या थोड्या वर. फ्लेक्सवर लागलेल्यांचे फोटो येतात. परत आलेल्यांच्या घरी आईच्या बांगड्या सोनाराकडं असतात आणि पोरगं दारातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला टाळत असतं. सतराव्या वर्षी आपण संपलो असं वाटणं काय असतं, ते मला माहीत आहे. ती फी कुठल्याच पावतीवर नसते.

बहिणीची मुलगी यंदा दहावी झाली. खोली बघायचं काम माझ्याकडं आलं. मी आधी तिलाच विचारलं, काय व्हायचंय? ती म्हणाली, "मामू, अभी सोची नई." मी म्हटलं, मग थांबू या की थोडं.

तेव्हापासून बहीण माझ्याशी नीट बोलत नाही. बोलते ते फक्त नीटबद्दल.